हलक्या काडतुसांवर अडकणारी सेमी-ऑटो: कबुतरांच्या लपणात बंदूक का थांबते आणि घ्यायचीच तर कोणती घ्यावी

इंग्लंडमध्ये पिकावर उतरणाऱ्या वुडपिजनांसाठी (रानकबुतरांसाठी) लपणात बसणाऱ्यांची सेमी-ऑटोबद्दलची, म्हणजे बार निघताच स्वतःच पुंगळी फेकून पुढचं काडतूस चढवणाऱ्या बंदुकीबद्दलची, तक्रार जवळजवळ ठरलेली असते. पहिला बार निघतो आणि रिकामी पुंगळी अर्धी बाहेर येऊन बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) तोंडात चिमटली जाते. नाहीतर पुंगळी नीट पडते, पण दुसरं काडतूस वर येतच नाही. तोवर थवा बांधापलीकडे गेलेला असतो. घेतल्यावर पहिले काही दिवस ही बंदूक सुरळीत चालत होती, म्हणून मालक वैतागून ती विकायला काढतो आणि पुढच्या बंदुकीलाही तीच काडतुसं चारतो.

बहुतेक वेळा बंदूक धड असते. कोणत्या काडतुसांवर दिवसभर बार काढायचे हे आधी न ठरवता यंत्रणा निवडलेली असते. त्यामुळे नवी बंदूक बघण्याआधी हातातली नेमकी कुठे थांबते ते शोधा. ते कळलं की निम्म्या वेळा नवी घ्यावी लागत नाही, आणि घ्यावी लागलीच तर कोणती हेही कळतं.

पुढचं सगळं इंग्लंडमधल्या शॉटगन सर्टिफिकेटवरच्या (छर्ऱ्याच्या बंदुकीच्या परवान्यावरच्या) १२ बोअर बंदुकांबद्दल आहे. बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक. १९६८ चा फायरआर्म्स ॲक्ट आणि १९८८ ची दुरुस्ती यांनुसार अशा बंदुकीची नळी किमान २४ इंच लागते. मॅगझिन (पुढची काडतुसं साठवणारी नळी) सुटं होणारं नसावं आणि त्यात दोनपेक्षा जास्त काडतुसं मावू नयेत. म्हणजे मॅगझिनमध्ये दोन आणि चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाशी जिथे काडतूस फुटतं तिथे, एक. मॅगझिनच्या नळीवर दाबून पाडलेली खाच असते ती यासाठीच. काडतूस तिथे घासतंय असं वाटलं तरी तिला स्वतः हात लावू नका, बंदूक गनस्मिथकडे न्या. पक्ष्यांबाबत पाहायचं तर पिकाचं गंभीर नुकसान रोखण्यासाठी वुडपिजन आणि कावळे मारायला जीएल ४२ हा सर्वसाधारण परवाना आहे, आणि त्याच्या अटी दर वर्षी नव्याने वाचाव्या लागतात. भारतात शस्त्रांचा आणि वन्यजीवांचा कायदा पूर्ण निराळा आहे. गावाकडच्या पारव्यांसाठी यातलं काही उचलू नका.

अडकल्यावर पहिली कृती

नळी सुरक्षित दिशेला धरा आणि बोट चापावरून काढा. चाप ओढल्यावर नुसता "टिक्" आवाज आला तर तशीच तीस सेकंद धरा, मग बोल्ट ओढा. दारू उशिरा पेटू शकते.

बार निघाला पण आवाज दबका, "फुस्स" असा आला तर त्या क्षणी थांबायचं. सेमी-ऑटोत ही गोष्ट जास्त धोक्याची आहे. दबक्या बाराने बोल्ट मागे येत नाही, नेमबाजाला वाटतं नेहमीसारखं अडकलं, तो सवयीने हँडल ओढून पुढचं काडतूस चढवतो, आणि नळीत आधीच्या काडतुसाचा वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधली गुडदी) तसाच अडकलेला असतो. बंदूक रिकामी करा, नळी उतरवा आणि आरपार पाहा. २० बोअरचं पिवळं काडतूस खिशात मिसळलं तरी हाच धोका. ते १२ बोअरच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं आणि मागून १२ चं काडतूस आरामात चढतं. दोन्ही बोअर घरात असतील तर पिशव्या वेगळ्या ठेवा.

रिकामी करताना अजून एक गोष्ट. बेनेली आणि तिच्या धर्तीच्या बंदुकांत नुसता बोल्ट मागेपुढे केला तर मॅगझिनमधलं काडतूस बाहेर येत नाही, काडतूस सोडणारी छोटी कळ आधी दाबावी लागते. नवीन मालकाला हा बिघाड वाटतो. बिघाड नाही, पण चेंबर रिकामं दिसतं म्हणून बंदूक रिकामी समजण्याची चूक इथेच होते. मॅगझिनच्या तोंडात बोट घालून पाहा.

कुठे थांबली ते वाचा

घाईने पुंगळी उपटून फेकली की पुरावाच गेला. थोडं थांबून बघा.

पुंगळी चेंबरमधून हललीच नसेल तर तिची कड पाहा. कडेवर एका ठिकाणी ओरखडा असेल किंवा धातू वाकलेला असेल, तर एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी ओढून काढणाऱ्या बोल्टवरच्या आकड्याने) पकडलं होतं पण पुंगळी चेंबरला चिकटली आणि आकडा सटकला. दोष चेंबरमध्ये किंवा काडतुसात. कड कोरी असेल आणि बोल्ट जेमतेम हललेला असेल तर यंत्रणेला ताकदच मिळाली नाही. कड कोरी पण बोल्ट पूर्ण मागे गेला असेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली घाण बसली आहे किंवा त्याची स्प्रिंग मेली आहे.

पुंगळी बाहेर आली पण खिडकीत (बंदुकीच्या बाजूच्या, पुंगळी बाहेर पडण्याच्या झरोक्यात) उभी अडकली, किंवा पायाशीच पडली, तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही. चांगल्या चालणाऱ्या बंदुकीची पुंगळी दोन-तीन मीटरवर पडते. पायाशी पडू लागली की अडकण्याचे दिवस जवळ आले समजा. मात्र आधी लपणाची जाळी बघा. उजव्या बाजूची जाळी किंवा खांब खिडकीला लागून असेल तर पुंगळी त्यावर आपटून उलटी आत येते, आणि मग उगाच बंदुकीला दोष दिला जातो.

पुंगळी दूर पडली, पण दुसरं काडतूस वर आलं नाही: बोल्ट मागे गेला खरा, पण उचलणाऱ्या कॅरिअरपर्यंत काडतूस पोचायला वेळ मिळाला नाही किंवा मॅगझिनची स्प्रिंग मंद आहे. दुसरं काडतूस वर आलं, पण बोल्ट शेवटचा पाव इंच पुढे गेला नाही: मागे ढकलणारी ताकद ठीक आहे, पुढे ढकलणारी स्प्रिंग कमी पडते किंवा काडतूसच फुगलेलं आहे.

ताकदीचा निकाल लावायला एक सोपी चाचणी आहे. मॅगझिन रिकामं ठेवून चेंबरमध्ये एकच काडतूस भरा आणि सुरक्षित जागी बार काढा. बहुतेक सेमी-ऑटो शेवटच्या बारानंतर बोल्ट मागे अडकवून ठेवतात. पुंगळी पडली पण बोल्ट पुढे येऊन बंद झाला, तर तो पूर्ण मागे गेलेलाच नव्हता. हेच नेहमीच्या काडतुसावर पाच वेळा आणि ३२ ग्रॅमच्या काडतुसावर पाच वेळा करा. हलक्यावर फसली आणि जडवर चालली, तर बंदुकीपेक्षा काडतुसाकडे आधी पाहा. दोन्हीवर फसली तर साफसफाई किंवा झिजलेला भाग.

काडतूस

कबुतरांसाठी नेहमीचा भार २८ ते ३२ ग्रॅम, छर्रा ६ किंवा ७ नंबर. या भारावर धड सेमी-ऑटोने कुरकुर करायला नको. कुरकुर सुरू होते ती लोक क्लेसाठी (उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीसाठी) घेतलेल्या २४ आणि २१ ग्रॅमच्या मोठ्या खोक्यांमधली उरलेली काडतुसं लपणात घेऊन येतात तेव्हा. सबसॉनिक (छर्रा आवाजापेक्षा कमी वेगाने सोडणाऱ्या, कमी आवाजाच्या) काडतुसांवर तर बऱ्याच सेमी-ऑटो चालणारच नाहीत. घरं आणि घोडे जवळ असल्यामुळे आवाज कमी हवा असेल तर तिथे दुनळी किंवा पंप-ॲक्शनच न्यावी. सबसॉनिकसाठी स्प्रिंगा बदलत बसण्यात अर्थ नाही.

लांबीही बघा. काडतुसावर छापलेले ६५, ६७ किंवा ७० मिलिमीटर म्हणजे बार झाल्यावर उघडलेल्या पुंगळीची लांबी. भरलेलं काडतूस त्याहून आखूड असतं. काही बंदुकांत ६५ चं काडतूस मॅगझिनच्या अडसरावर नीट बसत नाही, दोन एकदम सुटतात आणि दुसरं कॅरिअरखाली सरकून सगळं जाम होतं. अशी लक्षणं दिसली की ७० च्या काडतुसांवर एक पाकीट चालवून बघा. त्यावर थांबलं तर उत्तर मिळालं.

ओल हा इंग्लंडमधला रोजचा शत्रू. कापडी पिशवीत दोन ओले दिवस राहिलेल्या काडतुसांच्या पितळी दिसणाऱ्या बुडावर गंज येतो, कारण आजकाल ते बूड बहुतेकदा मुलामा दिलेलं पोलादी असतं. उतरवलेल्या नळीच्या चेंबरमध्ये एकेक काडतूस सोडा. स्वतःच्या वजनाने आत जायला हवं आणि नळी उलटी करताच बाहेर पडायला हवं. जे अडतं ते बाजूला काढा. पाकीटभर काडतुसं तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

जमीनमालक गुराढोरांमुळे प्लास्टिक वॅडला नकार देतात, म्हणून बहुतेकांकडे फायबर वॅडची काडतुसं असतात. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत त्यांच्यामुळे काजळी लवकर धरते, त्यामुळे साफसफाई लवकर-लवकर करावी लागते. रिकाम्या पुंगळ्यांनाही जमीनमालकांचा तसाच नकार, धसकटात एकही सोडू नये.

गॅसवर चालणाऱ्या: बेरेटा ए४००, ए३००, ३९१, रेमिंग्टन ११००

नळीच्या भोकांतून निघालेला गॅस पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन बोल्टला. धरण्याची ढब कशीही असो, यंत्रणेला फारसा फरक पडत नाही, म्हणून लपणात स्टुलावर वाकडंतिकडं बसून मारणाऱ्याला ही बंदूक सोयीची. धक्काही सौम्य लागतो. दिवसात दीडशे-दोनशे बार निघत असतील तर खांद्याला संध्याकाळी फरक कळतो.

बिघाड नेहमी गॅसच्या वाटेवर. पुढचा लाकडी भाग काढा, नळी उतरवा, पिस्टन बाहेर काढा. काजळीचा थर चकचकीत काळा आणि कडक झाला असेल तर तो फडक्याने निघणार नाही. पिस्टन द्रावकात भिजवा, मग पितळी ब्रशने घासा. नळीच्या खालची गॅसची भोकं उजेडापुढे धरून पाहा, गोल दिसली पाहिजेत. कडा काजळीने अरुंद झाल्या असतील तर भोकापेक्षा बारीक लाकडी किंवा पितळी काडीने साफ करा. भोक ड्रिलने मोठं करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हलकं काडतूस चालेल, पण जड काडतुसावर बोल्ट दर वेळी मागच्या भिंतीवर आदळेल, आणि काढलेला धातू परत बसवता येत नाही.

तेल हा दुसरा गुन्हेगार. पिस्टन आणि मॅगझिनच्या नळीवर तेलाचा थर असला की काजळी त्यात मिसळून चिखल होतो. हे भाग पुसून जवळजवळ कोरडे ठेवा. तेल बोल्ट सरकतो त्या खाचांना, तेही थेंबभर. जानेवारीत कबुतरं ऑइलसीड रेपवर (मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकावर) तुटून पडतात, तेव्हा सकाळच्या थंडीत जाड तेल गोठल्यासारखं होतं आणि उन्हाळ्यात व्यवस्थित असलेली बंदूक मंदावते.

रेमिंग्टन ११०० जुन्या बाजारात अजून मिळते आणि तिचा एक खास रोग आहे. मॅगझिनच्या नळीवर, पिस्टनच्या पुढे एक रबरी ओ-रिंग असते. ती तुटली, सुकली किंवा साफसफाईत हरवली की गॅस पुढून निसटतो आणि बंदूक एकबारी होते. रिंग अगदी स्वस्त आहे, दोन जादा घेऊन पिशवीत ठेवा. याच बंदुकीवर ३ इंची मॅग्नम नळी बसवलेली असेल तर तिचं गॅसचं भोक जड काडतुसांच्या हिशेबाने ठेवलेलं असतं. तिच्यावर २८ ग्रॅम नीट चालत नाही हा बिघाड नव्हे.

इनर्शियावर चालणाऱ्या: बेनेली एम२, मॉन्टेफेल्ट्रो, फ्रँकी ॲफिनिटी

इथे गॅस नाही, पिस्टन नाही. बंदूक धक्क्याने मागे सरकते, बोल्टचं जड अंग क्षणभर जागीच राहतं, त्याच्या आणि बोल्टच्या डोक्याच्या मधली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि मग तीच बोल्टला मागे फेकते. म्हणजे बंदूक मागे सरकलीच नाही तर काही होणार नाही. मॅगझिनच्या टोपीवर वजन लावलं, कुंद्यात पारा भरलेली नळी घातली, किंवा लपणात पाठ झाडाला टेकवून कुंदा खांद्यात घट्ट रोवला, की हलक्या काडतुसावर अडकायला लागते. जोडलेलं वजन काढून आधी चाचणी घ्या. नवी बंदूक असेल तर सुरुवातीची चार-पाच पाकिटं ३२ ते ३६ ग्रॅमवर काढा. पुस्तिकेत किमान भार दिलेला असतो, तो दुकानात असतानाच वाचावा, घरी आल्यावर नव्हे.

या बंदुकांची खरी ओळख म्हणजे तो "टिक्". पक्षी बिथरू नयेत म्हणून लपणात बोल्ट हाताने धरून हळूच पुढे सोडला जातो, किंवा बंदूक कुंद्यावर जमिनीला टेकवताना आदळते. बोल्टचं डोकं फिरून कुलूपबंद व्हायला पूर्ण वेग लागतो. तो मिळाला नाही तर बोल्ट बंद दिसतो, पण केसभर उघडा राहतो. पक्षी डिकॉयवर (भुलवण्यासाठी मांडलेल्या नकली पक्ष्यांवर) आला, चाप ओढला, टिक्. यावर उपाय फक्त सवयीचा आहे. बोल्ट मागून मोकळा सोडा, आवाज होऊ द्या, आणि बार काढण्याआधी हँडलला अंगठ्याने एकदा पुढे दाबून पाहा. ज्या पक्ष्याला बोल्टचा आवाज ऐकू येईल तो तुमची हालचाल आधीच पाहून उडालेला असतो.

फायदा असा की काजळी यंत्रणेत शिरत नाही. शंभर बारांनी फडकं मारलं तरी पुरतं. वजन कमी म्हणून खांद्यावर टाकून बांधाबांधाने मॅगपाय आणि कावळ्यांमागे फिरायला उत्तम.

जुनी ब्राउनिंग ऑटो-५ भेटली तर तिचं गणित उलटं. तिची पूर्ण नळीच मागे येते, म्हणून खांद्याचा आधार पक्का हवा. हलक्या काडतुसांसाठी पोलादी घर्षण-रिंग स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या पेटीला) लावून ठेवायची. जड काडतुसांसाठी ती पुढे, पितळी तुकड्याला लागून. मागच्या मालकाने जडसाठी लावली असेल आणि तुम्ही २८ ग्रॅम मारत असाल तर अडकणारच. २०१२ पासून आलेली ए५ नावाची नवी बंदूक मात्र इनर्शियाची आहे, तिला रिंगांचा हा नियम लागू नाही.

कुंद्यातली विसरलेली स्प्रिंग

बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग अनेक बंदुकांत, बेनेली एम२ त्यातलीच, कुंद्याच्या आतल्या नळीत असते. फ्रँकी ॲफिनिटीत ती मॅगझिनच्या नळीभोवती असते आणि डोळ्यांना दिसते, म्हणून साफ होते. कुंद्यातली वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. वरून सोडलेलं तेल हळूहळू तिथे उतरतं, पावसाचं पाणी त्यात मिसळतं, आणि नळीत गंजाचा लगदा तयार होतो.

तपासायला बंदूक रिकामी करा, बोल्ट अगदी सावकाश मागे ओढा. वाळू अडकल्यासारखी खरखर हाताला लागते का? मग सोडा. खट्कन बंद व्हायला हवा. रेंगाळला तर कुंदा उतरवण्याची वेळ झाली. स्प्रिंग दाबलेली असते आणि टोपी सुटताच उडते, म्हणून चष्मा घाला आणि तोंड बाजूला ठेवा. हे कधी केलं नसेल तर गनस्मिथकडून वर्षातून एकदा करून घेतलेलं बरं. साफ केल्यावर तेलाचा पातळ हात, बस. बंदूक कपाटात नळी खाली करून ठेवली की तेल कुंद्यात उतरत नाही.

चेंबरचंही असंच. पुंगळीवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा उठत असतील तर चेंबरमध्ये गंज किंवा प्लास्टिकचा थर आहे. चेंबरचा ब्रश नळीच्या ब्रशपेक्षा जाड असतो, तो वेगळा घ्या. नळीचा ब्रश चेंबरमध्ये नुसता फिरतो, घासत नाही.

आता निवड

डिकॉयवर दिवसभर बसणारा, २८ ते ३० ग्रॅम फायबर, कधी शंभरावर बार: गॅसवाली, ३ इंची चेंबर, २८ इंची नळी. साडेतीन इंची चेंबरची बंदूक "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून घेऊ नका. अतिजड काडतुसांपासून हलक्यांपर्यंत सगळं झेलायला लावलेली यंत्रणा नेमकी हलक्यावर नखरे करते, आणि कबुतराला साडेतीन इंची काडतूस कुठेच लागत नाही. चोक (छर्रा आवळणारा नळीच्या तोंडाचा निमुळतेपणा) पाव पुरे, कारण डिकॉयवरचा पक्षी २५ ते ३५ यार्डांत येतो. चोकची नळी दर पन्नास बारांनी बोटाने घट्ट आहे का बघा. सैल चोकवर बार काढला तर नळीचं तोंड फुगतं.

फिरता नेमबाज, दिवसाला दहा-वीस बार, ३२ ग्रॅम: इनर्शिया. दोन्ही कामं एकाच बंदुकीने करायची तर गॅसवालीच घ्या आणि साफसफाईचा कंटाळा सोडा.

२४ ग्रॅमच आवडत असेल, खांदा दुखतो म्हणून किंवा पैसे वाचतात म्हणून, तर २० बोअरची गॅसवाली सेमी-ऑटो बघा. तिच्यासाठी हा भार हलका नाही. डावखुऱ्यांनी डाव्या खिडकीची बंदूक मिळते का ते आधी विचारावं, नाहीतर पुंगळ्या नाकासमोरून जातात.

लेडचा प्रश्न निवडीत येणारच. भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर, काही संरक्षित पाणथळ जागी आणि बदकांवर लेड (शिशाचा) छर्रा इंग्लंडमध्ये १९९९ पासून बंद आहे, आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने सगळ्याच शिकारीतून तो तीन वर्षांच्या मुदतीने काढण्याची घोषणा केली. म्हणून आज घेतलेल्या बंदुकीवर स्टीलचं प्रूफ (पोलादी छर्ऱ्यासाठी चाचणी झाल्याची खूण) आहे का ते नळीवर बघूनच पैसे द्या. फुलासारखी फ्लर-द-ली खूण असेल तर हाय परफॉर्मन्स स्टीलही चालतं. लेडच्या ६ च्या जागी स्टीलचा ४ धरावा. जुन्या ऑटो-५ वर फिक्स्ड फुल चोक असेल तर तिच्यात स्टील घालायचं नाही.

जुनी घेताना विक्रेत्याला पुढचा लाकडी भाग स्वतः काढून दाखवायला सांगा. मॅगझिनच्या नळीवर गंजाचे खड्डे असतील, बोल्ट रेंगाळत असेल किंवा रिसीव्हरच्या मागच्या आतल्या भिंतीवर आदळल्याचा चकचकीत ठसा असेल तर किंमत कितीही कमी असो, पुढच्या दुकानात जा. सगळं ठीक वाटलं तर आपलीच काडतुसं बरोबर नेऊन क्ले ग्राउंडवर निदान दोन पाकिटं तिच्यातून काढा, आणि मगच सौदा पक्का करा.